खटक्यावरचं कडं

शनिवार, ७ तारीख

कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं, हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. सकाळी तो ठणठणीत होता. बायको त्यावर पडद्याच्या कापडासाठी वेलबुट्टी काढत बसली होती. ती कापडाच्या कारखान्यासाठी घरूनच नक्षीकाम करते आणि तिचं सगळं काम त्या एका खोक्यात असतं. ती चहा टाकायला उठली आणि मी तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. शनिवारची सुट्टी असली की मी कॉम्प्युटरला लावतो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट आली: आपल्या मशीनसाठी नवं फर्मवेअर आलं आहे, बसवायचं का? फर्मवेअर म्हणजे बटण दाबल्याबरोबर मशीनला झोपेतून उठवून ‘तू कोण, तुझे हातपाय कुठे’ हे सांगणारा बारीकसा प्रोग्राम. नव्यात काय सुधारणा, तर ‘स्थैर्य वाढवले आहे’. स्थैर्य कुणाला नको? मी हो म्हटलं. त्याने विचारलं, नक्की? मी पुन्हा हो म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. लग्नाच्या वेळी मला एकदाच विचारलं होतं, तेही उत्तर गृहीत धरून.

स्क्रीन काळी झाली, मधोमध एक पांढरी रेघ सरकू लागली आणि खाली अक्षरं आली: काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. मी डोळ्यांत तेल घालून बसलो. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा बायकोने चहाची हाक मारली. आमच्या घरात दुसरी हाक नसते, थंड चहा असतो. मी उठलो, बाहेर पडताना नेहमीप्रमाणे दाराशेजारच्या बोर्डावरून हात फिरवला आणि गेलो.

चहा पिऊन येतो तो मशीन गार. वायर जागेवर होती. वळून बघतो तर बोर्डावरचं तिसरं बटण, म्हणजे कॉम्प्युटरचं, बंद! मी घाईघाईने ते चालू केलं. मशीनचे दिवे लागले, आतले पंखे फिरले, पण स्क्रीनवर काही येईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आतला तो उठवणारा प्रोग्राम अर्धवट राहिला होता, आणि आता मशीनला आपण कोण हेच ठाऊक नव्हतं.

“कुणी बंद केलं हे?” मी ओरडलो. शेजाऱ्यांनी त्यांच्या टीव्हीचा आवाज लहान केला, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.

रविवार, ८ तारीख

आज चौकशी केली.

आधी पार्श्वभूमी. आमच्या घरात प्रत्येक बोर्डाच्या वर माझ्या वळणदार अक्षरातली एक पट्टी चिकटवलेली आहे: ‘खोली सोडताना सर्व बटणे बंद करावीत.’ ‘सर्व’च्या खाली दोन रेघा आहेत. मी ऑफिसात प्रशासन सांभाळतो, तिथेही दारोदार हीच पट्टी आहे. वीज वाचवल्याबद्दल मला एकदा प्रशस्तिपत्र मिळालं आहे. लोक पाठीमागे मला बटणराव म्हणतात, प्रेमाने म्हणतात असा माझा समज आहे. हा नियम माझ्या अंगात इतका मुरलाय की बायको आत असताना मी बाथरूमचा दिवा बंद केल्याची उदाहरणं आहेत. ती म्हणते, पुष्कळ आहेत.

असो. घरात माणसं तीन. त्या वेळी बायको स्वयंपाकघरात होती. मी तिच्यासमोर बसून चहा पीत होतो. राहिले अप्पा.

अप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. उभी हयात रुळांचे खटके ओढण्यात गेली. खटका ओढला की गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते, आणि चुकीचा ओढला की पेपरात बातमी येते. अप्पांची बातमी कधी आली नाही. याचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा त्यांच्या मुलाच्या मोठ्या नोकरीचाही नाही. केबिनची शिस्त अशी की आधी खटक्यावर हात ठेवायचा, मोठ्याने त्याचा नंबर म्हणायचा, मगच ओढायचा. ती सवय अजून आहे. घरात साधा पंखा लावतानासुद्धा बटणावर बोट ठेवून “पंखा!” असं खणखणीत म्हणतात. पाहुणे दचकतात.

मी त्यांना अगदी हळू आवाजात विचारलं. बायकोच्या मते तो आवाज फौजदाराचा होता.

“चष्मा घ्यायला त्या खोलीत गेलो होतो खरा,” अप्पा म्हणाले. “तुम्ही चहाला आलात, त्याच्या मागूनच.”

“मग निघताना बटण बंद केलंत?”

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. “केल्याचं आठवत नाही. पण नाही केलं, असंही छातीठोक सांगता येत नाही, जावईबापू.”

“पट्टीवर लिहिलंय म्हणून केलं असेल,” मी मोठ्या मनाने म्हणालो. “चूक तुमची नाही. वयाची आहे.”

गंमत म्हणजे काल त्यांचा “कॉम्प्युटर!” असा पुकारा आम्हा दोघांनाही ऐकू आला नव्हता. म्हणजे ती जन्माची सवयही सुटत चालली म्हणायची. हे काही बरं लक्षण नाही.

बायको माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. मागच्या महिन्यात अप्पा बागेतला नळ चालू ठेवून फिरायला गेले होते. परवा त्यांनी तिला सासूबाईंच्या नावाने हाक मारली. तेव्हा आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नव्हतो. आज ते न बोललेलं तिघांच्या मधे येऊन बसलं.

सोमवार, ९ तारीख

ऑफिसला दांडी मारली आणि मोबाइलवर जगभरच्या जाणकारांचे सल्ले वाचत मशीन उघडलं.

पहिला सल्ला: आत एक नाण्याएवढी बॅटरी असते, ती काढून थोडा वेळ बाहेर ठेवा. काढली. ती उडी मारून कपाटाखाली गेली. झाडूने बाहेर काढली, तिच्याबरोबर माझा दोन वर्षांपूर्वी हरवलेला नेलकटरही आला. सकाळपासून यशस्वी झालेलं हे एकमेव काम. दुसरा सल्ला: मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसा. पुसल्या. खोडरबर खराब झाला. तिसऱ्या गृहस्थांनी लिहिलं होतं, मशीन आडवं करून पाठीवर थापट्या मारा. इथवर आल्यावर माणसाने थांबायला हवं. मी थापट्या मारल्या. सगळं परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले. ते आधीपासूनच जास्तीचे असणार.

बायको दारात उभी होती. “माझी नक्षी आतल्या डिस्कवर असते ना? आणि बिघडलंय ते दुसरंच काहीतरी ना? मग डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर?”

“तेवढं सोपं नसतं ते,” मी म्हणालो.

दिवेलागणीला बाहेर आलो तर अप्पा हॉलमध्ये अंधारात बसलेले. “अहो, दिवा तरी लावायचात.”

“तुम्हीच लावा,” ते म्हणाले.

विजेची बचत त्यांनी एवढी मनावर घेतलेली बघून मला खरं तर बरं वाटलं.

मंगळवार, १० तारीख

ऑफिसातून अर्ध्या दिवसाने आलो आणि मशीन कडेवर घेऊन बँकेमागच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान एका बाईंचं आहे. चष्मा कपाळावर, हातात स्क्रू-ड्रायव्हर, समोर पोट उघडी टाकलेली पाचसहा मशीनं.

“काय झालं?”

“फर्मवेअर भरताना मधेच वीज बंद झाली.”

“कशी काय?”

“सासऱ्यांनी बटण बंद केलं. वय झालंय त्यांचं.” हे सांगताना मी योग्य तेवढा सुस्कारा टाकला. गेल्या तीन दिवसांत तो मला चांगला जमायला लागलाय. ऑफिसात, शेजारी आणि बसमधल्या एका अनोळखी गृहस्थांना मी हे असंच सांगितलंय.

“पण भरत कशासाठी होतात? काही त्रास देत होतं का मशीन?”

“नाही. स्थैर्य वाढवायचं होतं.”

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. त्यांनी मशीन उघडलं, म्हणाल्या, “दोन स्क्रू नाहीत इथे,” आणि डिस्क काढून टेबलावरच्या दुसऱ्या मशीनला लावली. बायकोची सगळी वेलबुट्टी एकही पान न गळता समोर उभी राहिली. मी पाणी मागायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात झालंसुद्धा. ‘तेवढं सोपं’ म्हणजे नेमकं किती सोपं, हे बघायला बायको तिथे नव्हती, हे माझं नशीब. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बरीच खटपट करावी लागली.” कारखान्याने तिला एक लॅपटॉप वापरायला दिलाय. बाईंनी डिस्क परत बसवण्याआधी उतरवून दिलेली नक्षी त्यावर घातली आणि तिचं काम सुरू झालं. म्हणजे आता अडलंय ते फक्त माझं.

“मशीनच्या आतला बोर्ड मेलेला नाही,” बाई म्हणाल्या होत्या. “मागे बघा, हे बारीक बटण. स्क्रीन येत नसली तरी पेनड्राइव्हवरून फर्मवेअर नव्याने भरता येतं. इथे ठेवलंत तर पुढच्या आठवड्यात करून देते.”

“छे, छे, घरीच करीन की.”

त्यांनी माझ्याकडे एकदा आणि उघड्या मशीनकडे एकदा बघितलं. “करा. पेनड्राइव्ह रिकामा हवा. फाइल बरोब्बर याच बोर्डाची. पेनड्राइव्ह लावायचा तो याच भोकात, शेजारच्या नाही. बटण दाबून धरा, दिवा लुकलुकायला लागला की सोडा. मग तो आपोआप विझेपर्यंत कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही. आणि या खेपेला वीज जाऊ देऊ नका. पुन्हा गेली तर बोर्ड टाकूनच द्यावा लागेल.”

“नाही जाणार. सासऱ्यांवर लक्ष ठेवतो.”

गुरुवार, १२ तारीख

बायकोने भावाला फोन केला. मेहुणे दुसऱ्या शहरात असतात. तिला फक्त मन मोकळं करायचं होतं, पण मेहुण्यांपुढे कुणी मन मोकळं केलं की ते त्यात लगेच फर्निचर मांडायला घेतात. त्यांच्या घराजवळ वयस्कर लोकांसाठी एक जागा आहे. स्वच्छ आहे, सदैव देखरेख असते. “आज कॉम्प्युटरचं बटण, उद्या गॅसचं,” ते म्हणाले. “रविवारी येतो आणि अप्पांना घेऊन जातो.”

ही रडायला लागली आणि फोन माझ्या हातात दिला. मी काय बोललो ते लिहायलाच हवं. मी म्हणालो, “मीही तेच सुचवणार होतो.” मी असलं काहीही सुचवणार नव्हतो. पण मेहुण्यांनी ठाम आवाजात काही सांगितलं की ते मला आधीच सुचलेलं असतं, अशी माझी जुनी व्याधी आहे.

अप्पांना सांगायचं काम आम्ही एकमेकांवर ढकलत होतो. शेवटी त्यांनीच विचारलं, “रविवारी निघायचं का?” भिंती पातळ आहेत.

“तुमची इच्छा नसेल तर...” बायको म्हणाली.

“इच्छेचा प्रश्न नाही, बाळ. केबिनमध्ये असं झालं असतं तर मीच माझ्या जागी दुसरा माणूस मागितला असता. आपण ओढलेला खटका ज्याला आठवत नाही, त्याने खटक्यांपाशी बसू नये.”

मग रोजच्यासारखे आम्ही पत्ते मांडले. संध्याकाळी आम्ही दोघं खेळतो आणि मी हरतो. आज अप्पा सगळे डाव जिंकले. शेवटच्या डावात त्यांनी मला सांगितलं की बदामची राणी मी पहिल्यापासून दाबून बसलोय आणि चौकटची नव्वी चुकून टाकली तेव्हा माझा चेहरा पडला होता. दोन्ही खरं होतं. स्मरणशक्तीचं असंच असतं. कुठून जाते आणि कुठे राहते, सांगता येत नाही.

ते गेल्यावर संध्याकाळी मी काय करणार आहे? पत्ते पिसताना हा विचार आला. मला ते जायला नको आहेत. फोनवर बोलायचं वाक्य हे होतं.

शुक्रवार, १३ तारीख

ऑफिसातून लवकर निघून पेनड्राइव्हचा प्रयोग केला. बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला नाही. पुन्हा धरलं. अंगठा लाल झाला, दिवा नाही. मग लक्षात आलं, पेनड्राइव्ह शेजारच्या भोकात होता. बाईंनी ‘शेजारच्या नाही’ एवढंच जोर देऊन सांगितलं होतं, त्यामुळे माझ्या डोक्यात ‘शेजारच्या’ एवढंच राहिलं. बरोबर भोकात लावला. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. स्क्रीन काळीच.

बऱ्याच शोधानंतर कळलं की आमच्या बोर्डाच्या दोन जाती आहेत, नावात शेवटी एका अक्षराचा फरक, आणि मी फाइल त्याच्या चुलतभावाची आणली होती. मशीनने ती हुंगून परत केली. मशीन माझ्यापेक्षा शहाणं आहे. ते ‘हो, मीही तेच सुचवणार होतो’ असं म्हणालं नाही.

अप्पा अधूनमधून दाराशी येत होते. आत येत नव्हते, उंबऱ्याबाहेरूनच विचारत, “झालं का चालू?”

“उद्या होईल.”

“उद्या झालं तर बरं. निघायच्या आधी चालू झालेलं बघायचं होतं. आपल्या हातून बिघडलेलं तसंच टाकून जायचं म्हणजे...” आणि ते हॉलकडे वळले.

हॉलमध्ये त्यांची बॅग भरून ठेवली आहे. वर घडी केलेला स्वेटर आणि सासूबाईंचा फोटो टॉवेलात गुंडाळून ठेवलाय. मी त्या बॅगेला वळसा घालून येतोजातो. आज दोनदा तिच्यावरच अडखळलो.

शनिवार, १४ तारीख

आजचं अक्षर वळणदार येणार नाही.

सकाळी खरी फाइल आणली. शेवटचं अक्षर मोठ्याने वाचून, बायकोकडून तपासून घेतलं. पेनड्राइव्ह बरोबर भोकात. मी अंगठा सरसावणार, एवढ्यात दारातून अप्पा म्हणाले, “जरा थांबता का? मला आत येऊ द्याल?”

त्यांच्या एका हातात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण होतं आणि दुसऱ्या हातात चिकटपट्टी.

“हे कडं,” ते म्हणाले. “रुळावर गाडी उभी असली की आम्ही त्या रुळाच्या खटक्यावर लोखंडी कडं अडकवायचो. माणसाला माहीत असतं हो, गाडी उभी आहे म्हणून. हाताला माहीत नसतं. हात आपला सवयीने जातो. मग कड्याला लागतो आणि थांबतो.”

त्यांनी ते झाकण कॉम्प्युटरच्या बटणावर उपडं ठेवलं आणि चारी बाजूंनी पट्टी चिकटवली. बटणाला बोट लागणार नाही याची काळजी घेत होते, जसं काही ते तापलेलं होतं.

“माझ्या हाताचा आता भरवसा नाही,” ते म्हणाले. “तुम्हाला घोर नको. मी इथेच बसतो, तुमच्या डोळ्यांसमोर.” आणि दारापासून सगळ्यात लांब, खिडकीपाशी खुर्चीत जाऊन हाताची घडी घालून बसले.

मी बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. एकदा, दोनदा, आणि या वेळी थांबला नाही. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. अप्पा तर पापणीही लववत नव्हते. ज्या गाडीत आपलं माणूस आहे तिची वाट बघावी तसे.

मग स्वयंपाकघरातून हाक आली, “चहा!”

मी उठलो. “अप्पा, हलू नका हं,” असं त्यांना बजावलं. दाराशी गेलो. खोलीचा दिवा बंद झाला. पंखा बंद झाला. आणि माझी बोटं प्लास्टिकवर आपटली.

इथेच थांबलो असतो तर थोडीतरी अब्रू राहिली असती. पण मी थांबलो नाही. काय अडतंय ते न बघताच बोटं झाकणाची कड शोधायला लागली. एका बाजूची पट्टी सुटलीसुद्धा.

“जावईबापू.”

मी वळलो. अप्पा खिडकीपाशी होते, होते तिथेच, हाताची घडी घातलेली. मशीनचा दिवा अजून लुकलुकत होता. माझा हात बोर्डावर होता. त्या हाताच्या वर माझ्याच अक्षरातली पट्टी होती आणि ‘सर्व’च्या खाली दोन रेघा होत्या.

मला कळायला वेळ लागला. अप्पांना आधी कळलं. ते हळूहळू उभे राहिले.

“म्हणजे मी नव्हतो,” ते म्हणाले.

मी बोर्डावरून हात काढला.

“मी नव्हतो तर?”

“नाही, अप्पा. तुम्ही नव्हता. मीच बंद केलं होतं. गेल्या शनिवारी, असंच, चहाला जाताना.”

त्यांनी मला बोल लावायला हवे होते. मी त्यासाठी मान खाली घालून उभाही राहिलो. पण ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आपला उजवा हात उलटापालटा करून बघत होते, हरवलेली वस्तू सापडल्यावर बघतात तसा. आठवडाभर हा माणूस अंधारात बसला, बटणाला बोट लावलं नाही, बॅग भरून ठेवली. आणि मी त्यांच्यासमोर बसून मोठ्या मनाने त्यांना माफ करत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच फौजदार होता. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती, आणि तसे प्रसंग मी कमी आणलेले नाहीत.

“चहा गार होतोय,” म्हणत बायको आली, आणि आम्हा दोघांकडे बघून थबकली. मी तिला सांगितलं. सगळं, झाकण उचकटण्यापर्यंत. तिने आधी अर्धी सुटलेली चिकटपट्टी बघितली. मग म्हणाली, “बाथरूममध्ये मी असताना दिवा बंद करता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.” आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली. मग चहा पुन्हा गरम करून आणला. अप्पांसाठी. माझा होता तसाच.

मशीनचा दिवा आपोआप विझला. मशीन चालू केलं, आणि स्क्रीनवर एकेक करून सगळं आलं. अप्पा म्हणाले, “गाडी पोचली.” एवढ्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली: आपल्या मशीनसाठी आणखी नवं फर्मवेअर आलं आहे, बसवायचं का? मी नाही म्हटलं. त्याने विचारलं, नक्की? घरातली तिन्ही माणसं एकदम “नक्की!” म्हणाली.

रविवार, १५ तारीख

मेहुणे आले. मी त्यांना दारातच सांगितलं, कारण आत गेल्यावर माझा आवाज त्यांच्यासमोर मऊ पडतो. म्हणालो, “अप्पा कुठेही जाणार नाहीत. बटण मी बंद केलं होतं.” त्यांना वाटलं मी अप्पांना वाचवायला खोटं बोलतोय. माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल झालेला हा सगळ्यात चांगला गैरसमज, आणि तोही मला दूर करावा लागला. बायकोने दुजोरा दिला तेव्हा मेहुण्यांना पटलं. तिने फार पटकन दिला.

“सांगा ना, त्यांना झाकणाचं सांगा,” अप्पा मागून म्हणाले. मी सांगितलं. जेवताना म्हणाले, “पट्टी सुटली ते राहिलं.” मी तेही सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, आवडतं गाणं ऐकावं तसे.

“पण तो नळ?” मेहुणे म्हणाले.

“नळ माझाच,” अप्पा म्हणाले. “तो कबूल आहे. त्यासाठी काय ते डॉक्टरला विचारू. पण ज्याचं त्याच्या नावावर मांडा.”

मेहुणे संध्याकाळी एकटेच निघाले. बॅग परत अप्पांच्या खोलीत गेली, सासूबाईंचा फोटो भिंतीवर. उद्या ऑफिसात, शेजारी आणि दुरुस्तीवाल्या बाईंना खरं काय ते सांगायचं आहे. बसमधल्या गृहस्थांना कुठे शोधू?

मेहुण्यांना निरोप द्यायला आम्ही सगळे फाटकापर्यंत जाणार होतो. अप्पा आणि मी सगळ्यांत मागे होतो. हॉलच्या दाराशी ते थांबले, बोर्डावरच्या बटणावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “दिवा!” मेहुणे दचकले. दिवा बंद झाला.

त्यांच्या पाठोपाठ माझा हात पंख्याकडे निघाला होता.

“तुम्ही राहू द्या,” अप्पा म्हणाले.